दारावरची कोरफड

१

शुक्रवार-शनिवार हे दोन दिवस हाझिमच्या जाण्याचा विषय काढायचा नाही, असं इनास आणि त्याने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे हाझिम बोलला आणि इनासने मान हलवली. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता, पण त्या घरातले बरेचसे निर्णय याच पद्धतीने होऊ लागले होते. शुक्रवारी सकाळी गॅलरीसाठी झाडं आणायची, दुपारी झडपा ओढून जुने सिनेमे बघायचे, शनिवारी पुन्हा तेच. शनिवारी संध्याकाळी विमानतळाची गाडी दारात येईल तेव्हा काय ते बघू.

हाझिमला कुवेतमध्ये काम मिळालं होतं. करार दोन वर्षांचा, आणि बायकोला नेता येणार नव्हतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सासूबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या इस्मत तांतचा, इस्मतमावशीचा, तर सगळा संसारच तसा झाला होता. सासरे जन्मभर आखातात राहिले, उन्हाळ्यात महिनाभर कैरोला यायचे, आणि कायमचे परतले ते अंथरूण धरायलाच. "सवय होते गं," त्या इनासला सांगत, "पुरुष घरात असला की उलट पसारा होतो." इनास हसली होती. सासूबाई हे सांगताना नेहमी दाराकडे बघतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

'जाऊ नकोस' एवढंच तिला म्हणायचं होतं. साखरपुड्यापासून ते तिच्या जिभेवर होतं आणि अजून तिथेच होतं.

बाजार पुलाखाली भरतो, कबरस्तानाच्या भिंतीला लागून. कबुतरं, जुने नळ, एका पायातले बूट आणि झाडं, सगळं शेजारी शेजारी. हाझिमने मोगरा घेतला, पुदिना घेतला, रबराचं एक उंच झाड घेतलं आणि प्रत्येक वेळी भावावरून असं भांडला, जणू दोन वर्षांचं भांडण एका सकाळीच उरकून टाकायचं होतं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. नव्या नवरीचं घर आहे, दारावर कोरफड टांगली का? अजून नाही? मग कशाला संसार मांडलात? आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

कोरफड सगळ्यांकडे संपली होती. शेवटी भिंतीच्या अगदी कडेला पोत्यावर बसलेल्या एका बाईकडे एक सापडली. कुंडी मातीची, जुनी, बुडाकडे चुन्याचे शिंतोडे उडालेली. कोरफड मात्र जाडजूड, तुकतुकीत.

"हिला पाणी लागत नाही," बाई म्हणाली. "नुसती बसून राहते."

"आमच्या बायकोसारखी," हाझिम म्हणाला. "हिलाही काही लागत नाही. बोलतसुद्धा नाही."

बाई हसली नाही. तिने कुंडी इनासच्या हातात दिली आणि हात झग्याला पुसले. या कोरफडीपाशी आता कुणी येत नाही, म्हणून आणली, असं काहीतरी ती पुटपुटली. इनासने ते ऐकलं. पण बाजारात माणसं काय काय सांगतात.

२

घरी येऊन हाझिम खुर्चीवर चढला आणि दारावरच्या खिळ्याला तारेने कुंडी टांगली. खाली उतरून त्याने बाहेरून बघितलं, आतून बघितलं आणि आता कुणाची नजर लावायची टाप नाही म्हणाला.

दुपारी त्यांनी झडपा ओढून घेतल्या. बाकल्याचे वडे होते, लोणच्याचं वांगं होतं, आणि सिनेमासाठी भाजलेल्या बियांचा पुडा. दिवाणखाना लांबट होता. अलीकडे टीव्ही आणि साधा कोच. पलीकडे कमानीच्या आत पाहुण्यांची बैठक. तिथल्या सोनेरी पायांच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं आणि सासूबाईंच्या हयातीत निघणारही नव्हतं.

जुने सिनेमे दिवसभर दाखवणाऱ्या वाहिनीवर इनासचा अगदी पाठ असलेला सिनेमा लागला. कारकून, पाशाची मुलगी, जिन्यावरचं भांडण, मग मेजवानी. लहानपणी ती तो वडिलांच्या मांडीवर बसून बघायची. वडील वीज खात्यात होते. मेजवानीचं दृश्य आलं की ते न चुकता बोट दाखवायचे: नायकाच्या मागच्या भिंतीवर दिव्याच्या खांबाची सावली पडली आहे, एवढे पैसे ओतून सिनेमा काढला आणि दिवेवाल्याला सावली दिसली नाही. वडील गेल्यापासून तो सिनेमा लागला की इनास त्या सावलीचीच वाट बघायची.

मेजवानी सुरू झाली. नायक भिंतीपाशी गेला. इनास हाझिमला सावली दाखवायला पुढे सरसावली, आणि तिचं बोट हवेतच थांबलं.

सावली दिसत नव्हती. तिथे एक बाई बसली होती.

काळा पोशाख, मांडीवर लहानशी पर्स, पर्सवर दोन्ही हात. आजूबाजूला पांढऱ्या झग्यातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, हसत होत्या. ती नुसती बसली होती, दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघत बसावं तशी.

"ही आधी नव्हती," इनास म्हणाली.

हाझिमने बिया सोलता सोलता पडद्याकडे बघितलं. त्या काळी गर्दीतली माणसं सगळ्या सिनेमांत तीच असायची, त्याने समजावलं, एका जेवणावर दिवसभर बसायची बिचारी. हिला कुणी सांगितलं नसेल टाळ्या वाजवायला.

पटण्यासारखं होतं. इनासने पटवूनही घेतलं. बहुतेक इतकी वर्षं ती सावलीच बघत आली होती, बाईकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. माणसाला जे बघायचं असतं तेच तो बघतो.

दृश्य बदलेपर्यंत ती बाई नायकाकडे बघत नव्हती आणि कॅमेऱ्याकडेही नाही. तिची नजर पडद्याबाहेर, जरा डावीकडे होती. इनासने मान वळवली. त्या बाजूला घराचं दार होतं.

३

शनिवारी सकाळी उंबऱ्यात पाणी होतं.

फार नव्हतं. पेला लवंडावा एवढं, फरशीवर गोल पसरलेलं, बरोबर कुंडीखाली. इनासने हाझिमला विचारलं, झाडाला पाणी घातलंस का. त्याने दाढीचा फेस लावलेलं तोंड बाहेर काढलं, एवढ्या वर चढून पाणी घालायला मला वेड लागलंय का म्हणाला आणि परत आत गेला. बयूमीकाका, म्हणजे खालचा दरवान, पहाटे जिना धुतो. दाराखालून आलं असेल. इनासने दार उघडून बघितलं. जिना कोरडा होता. लिफ्टवर बंद असल्याची पाटी होती, सुट्टीच्या दिवशी असायची तशी. तिने फरशी पुसली.

फडकं पिळत असताना बैठकीतून आवाज आला.

प्लॅस्टिकचा. कुणीतरी खुर्चीवर सावकाश बसताना होतो तसा: आधी एक लांब कुरकुर, मग वजन स्थिरावताना दोनतीन बारीक चुरचुर. आणि मग, बसलेल्या माणसाने जरा सावरून घ्यावं तशी आणखी एक.

न्हाणीघरात नळ चालू होता. हाझिम गुणगुणत होता.

इनास हातात फडकं घेऊन कमानीपाशी गेली. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ऊन तापायला लागलं की प्लॅस्टिक ताणतं, हे तिला ठाऊक होतं. वडिलांकडेही असंच व्हायचं. पण झडपा बंद होत्या आणि बैठकीत गारवा होता. कोपऱ्यातल्या, दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक मधोमध खोल दबलेलं होतं. ती बघत असताना ते हळूहळू, जरासं फुसफुसत, वर आलं.

काल मीच बसले असेन, असं तिने स्वतःला सांगितलं. तिथे ती कधीच बसली नव्हती. सासूबाईंनी बसू दिलंच नव्हतं.

४

हाझिम बॅग भरायला लागला. विषय काढायचा नव्हता, म्हणून तो शर्टांच्या घड्या घालताना फुटबॉलबद्दल बोलत होता. इनास चहा करायला आत गेली आणि तिथे, पुदिना निवडायचं सोडून, तिने फोनवर कालचा सिनेमा शोधला. मेजवानीपर्यंत पुढे नेला.

नायक भिंतीपाशी गेला. भिंतीवर दिव्याच्या खांबाची सावली होती, स्पष्ट, बावळट, वडिलांच्या वेळची. खुर्ची नव्हती. बाई नव्हती.

तिने दृश्य परत मागे नेलं, परत बघितलं. मग तिने हाझिमला दाखवलं. तो म्हणाला, ही वेगळी प्रत असेल. जुन्या सिनेमांच्या पन्नास प्रती असतात, कुणी कुठे कापतं, कुणी कुठे जोडतं.

"माणूस जोडतं?" इनासने विचारलं.

"मी गेल्यावर तू सगळे सिनेमे असे तपासत बसणार आहेस का?" तो हसत म्हणाला, आणि जाण्याचा विषय आपणच काढला हे त्याच्या लक्षात आलं. घडी केलेला शर्ट त्याने उलगडला आणि परत घडी केला.

दुपारचा सिनेमा दुसराच होता, इनासने कधीही न पाहिलेला. स्टेशन, धूर, लष्करी गणवेशातला नायक गाडीत चढतो आहे, फलाटावर माणसांची ही गर्दी. सगळ्यांची तोंडं गाडीकडे. आणि गर्दीच्या अलीकडे, पडद्याच्या अगदी पुढे, बाकावर ती.

काल ती भिंतीपाशी होती. आज इतकी जवळ होती की मानेवरची शीर दिसत होती. पर्सवरच्या हातांची नखं स्वच्छ कापलेली होती. वय सांगता येत नव्हतं, कारण चेहऱ्यावर वयाला काही कामच उरलं नव्हतं. सगळा चेहरा कान देऊन बसल्यासारखा झाला होता.

हाझिम कपाटातून बॅगेकडे, बॅगेकडून कपाटाकडे जात होता. टीव्हीसमोरून तो उजवीकडून डावीकडे गेला. बाईचे डोळे उजवीकडून डावीकडे गेले.

तो परत आला. तेही परत आले.

कॅमेरा हलला असेल, तिने मनाशी म्हटलं. मग हाझिम मोजे शोधायला खाली वाकला आणि बाईने, न दिसणाऱ्या कशावरून तरी बघावं तशी, मान उंच केली.

इनासने टीव्ही बंद केला. काळ्या काचेत तिला दिवाणखाना दिसला, आपण स्वतः दिसलो, वाकलेला हाझिम दिसला, आणि मागे कमानीत सोनेरी खुर्च्या. तिने काचेत जास्त वेळ बघितलं नाही.

५

खुर्ची ओढून ती दाराशी चढली आणि तिने कुंडी खाली काढली. तळ ओला होता. नखाने चुना खरवडल्यावर खाली आणखी चुना निघाला, थरावर थर, दर सणाला कुणीतरी आजूबाजूचं पांढरं करताना उडालेला. मातीत, पातींच्या बुडाशी, वाळलेल्या झावळीचे तुकडे रुतलेले होते. ईदला झावळ्या कबरींवर नेऊन ठेवतात, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

तिच्या वडिलांच्या कबरीपाशीही एक कोरफड होती. आईने लावली होती, आत असलेल्याला धीर मिळावा म्हणून. रखवालदार तिच्यावर पाणी घालतो. हीसुद्धा कुणाच्या तरी उशाशी होती. कुणाला तरी धीर धर, थांब, असं सांगत होती, वर्षानुवर्षं. आणि त्यांनी ती उचलून आणून आपल्या दारावर टांगली होती.

हे हाझिमला सांगताना तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. कबरीवरची वस्तू घरात आली म्हटल्यावर कैरोतला कुठलाही मुलगा हसत नाही. शिव्या मात्र त्याने त्या बाईला मनसोक्त घातल्या. गाडी यायला अजून अवकाश होता आणि कबरस्तान चालत जाण्याइतकं जवळ. भिंतीच्या आत ठेवून येतो, तो म्हणाला, कुठलीही कबर चालेल, त्यांचं ते बघून घेतील. तू चढू-उतरू नकोस, इथेच थांब.

त्याचा फोन बॅगेवरच राहिला. कुंडी छातीशी धरून तो उंबऱ्यात उभा होता. तेव्हा ती बोलू शकली असती. दोन शब्द होते. दार उघडं होतं, दोघांच्या मध्ये ती कोरफड होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत थांबलाही होता.

"लवकर ये," इनास म्हणाली. "मी वाट बघते."

तो दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेल्याचा आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला.

६

टीव्ही तिने लावला नाही. तरी घरात कुणीतरी बसून असल्यासारखं वाटत राहिलं. बैठकीतून आवाज येत नव्हता, पण तो न येणंही वेगळं होतं. शेजारी बसलेलं माणूस श्वास धरून राहतं तसं.

ऊन झडपांवरून उतरलं. असरची, तिसऱ्या प्रहराची, अजान झाली. कबरस्तान एवढं लांब नव्हतं. तिने गॅलरीत जाऊन वाकून बघितलं. रस्त्यावर मुलं, कलिंगडाची गाडी, हाझिम नाही. रबराच्या नव्या झाडाचं एक पान तिच्या दंडाला लागलं आणि ती दचकली.

मग विमानतळाची गाडी आली. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, जरा थांबून पुन्हा दिला. बयूमीकाकाने खालून हाक मारली, साहेबांना म्हणावं उशीर होतोय. इनासने वरून हात केला, आलेच म्हणून. आणि हात खाली घेताना तिला स्वतःच्याच मनातलं एक काहीतरी दिसलं, ज्याची तिला लाज वाटली. उशीर होवो, असं ती म्हणत होती. विमान चुको. तो कुठे अडकलाय, कसा आहे, हे नंतर.

बैठकीत प्लॅस्टिक वाजलं. बसताना वाजतं तसं नाही. कुणीतरी उठलं होतं.

ती मागे वळली नाही. पाय ओढत चालल्याचा आवाजही आला नाही. फक्त तिच्या मानेच्या डाव्या बाजूने गारवा गेला, फ्रिज उघडून कुणी समोरून निघून जावं तसा, आणि दाराच्या दिशेने गेला. कडी आपोआप सरकली असं ती शपथेवर सांगू शकली नसती. कदाचित ती लावलेलीच नसेल. दार उघडलं.

बाहेर हाझिम उभा होता.

"कुठे होतास?" ती म्हणाली. "गाडी आलीये खाली."

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "आता कुठेही जायचं नाही."

आवाज त्याचाच होता. चेहरा त्याचाच. शर्ट सकाळचाच होता, पण खांद्यांवर विटला होता, खूप उन्हाळे दोरीवर वाळलेल्या कपड्यासारखा. तो आत येत नव्हता. उंबऱ्याच्या पलीकडे उभा राहून तो भिंती, छत, कोच असं एकेक बघत होता. फार दिवसांनी घरी आलेला माणूस काय काय तसंच आहे ते बघतो, तसा. त्याने दिव्याचं बटण दाबायला हात आत घातला, आणि तो भिंतीच्या नको त्या बाजूला गेला. तिथे बटण नव्हतं. पूर्वी कधी असेल.

"हाझिम," ती म्हणाली.

त्याने ते नाव ऐकल्यासारखं केलं नाही. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात कोरडे होते, मातीचा वास येणारे. इतक्या मायेने आजवर तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, हाझिमनेसुद्धा नाही. हाझिम तिच्याकडे बघताना नेहमी थोडं घड्याळाकडेही बघत असे.

"तफीदा," तो म्हणाला. "फार वाट बघायला लावली मी तुला."

तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. पण मांडीवर पर्स घेऊन बसलेली ती कोण आणि कुणाची वाट बघत होती, हे तिला आता कुणाला विचारायचं नव्हतं.

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तळातून, हाझिमचा आवाज आला.

तो धापा टाकत बयूमीकाकाशी बोलत होता. कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप, रखवालदारच सापडेना, सगळं पालथं घातलं काका, ड्रायव्हरला सांगा पाचच मिनिटं, बॅग घेतो आणि निघालोच. बयूमीकाका काहीतरी बोलला आणि हाझिम हसला. ते हसू ती हजार माणसांत ओळखू शकली असती. मग पायऱ्यांवर त्याची पावलं वाजायला लागली, दोन दोन पायऱ्या घेत, निघून जायची घाई असलेल्या माणसाची.

दारातला माणूस काही ऐकत नव्हता. तो फक्त तिच्याकडे बघत होता, आणि बोलावल्याशिवाय आत येणार नव्हता.

पावलं पहिल्या मजल्यावर आली.

इनासने मागे पडलेल्या बॅगेकडे बघितलं. दोन वर्षं. मग आणखी दोन. मग उन्हाळ्यातला महिना.

पावलं दुसऱ्या मजल्यावर आली. खालून हाझिमने तिला हाक मारली, इनास, बॅग दाराशी आणून ठेव ना.

ती बाजूला झाली.

"या," ती त्या माणसाला म्हणाली. "आत या."

आणि तो आत आल्यावर तिने दाराला आतून कडी घातली.